दूध संघाचा डॅशबोर्ड आणि लुकर स्टुडिओ : दीड वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

नोंदींतल्या आकड्यांवरून तक्ते आणि आलेखांचे अहवाल करून देणारे गुगलचे लुकर स्टुडिओ हे साधन आमच्या दूध संघाच्या संकलन विभागात गेले दीड वर्ष रोज वापरात आहे. २०१६ साली ते डेटा स्टुडिओ या नावाने आले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचे नाव बदलले. जुन्या नावाने ओळखणारे लोक अजूनही भेटतात. ते ब्राउझरमध्ये चालते, संगणकावर काही बसवावे लागत नाही आणि त्याची मूळ आवृत्ती मोफत आहे. गुगल शीटमध्ये (गुगलच्या ऑनलाइन तक्त्यात) नोंदी ठेवणाऱ्या कोणत्याही संस्थेला ते तासाभरात जोडता येते. मात्र जोडता येणे आणि उपयोगी पडणे यांत बरेच अंतर असते. या परीक्षणात साधनाच्या सोयींची जंत्री देण्याचा विचार नाही. चाळीस गावांच्या प्राथमिक संस्थांकडून सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करणाऱ्या संघाला हे साधन कुठवर साथ देते आणि कुठे आपले आपल्यालाच बघावे लागते, एवढाच त्याचा विषय आहे.

याआधी आमच्याकडे एका खासगी कंपनीकडून करून घेतलेला डॅशबोर्ड होता. कार्यालयाच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता आणि त्यावर सहा स्पीडोमीटर, चाळीस गावांचे चाळीस तुकडे केलेला एक पाय चार्ट आणि तालुक्याचा नकाशा असे सगळे एकाच वेळी दिसत असे. उद्घाटनाच्या दिवशी सर्वांनी कौतुक केले. महिनाभराने तो टीव्ही बंद असे आणि पर्यवेक्षक पूर्वीप्रमाणेच खिशातल्या डायरीत आकडे लिहून फोन करीत. तांत्रिकदृष्ट्या ते काम वाईट नव्हते, आकडेही बरोबर होते; पण ज्याला सकाळी साडेसहा वाजता निर्णय घ्यावा लागतो तो माणूस त्या वेळी कार्यालयात नसून दूध उतरवण्याच्या धक्क्यावर उभा असतो, ही साधी गोष्ट काम ठरवताना कोणी विचारली नव्हती. आम्हीही सांगितली नव्हती, हे इथे मान्य केले पाहिजे.

म्हणून दुसऱ्या वेळी सुरुवात संगणकाने न करता वहीने केली. संकलन पर्यवेक्षक, प्लांट मॅनेजर, हिशेबनीस आणि दोन गावांचे सचिव यांच्यासोबत प्रत्येकी एक दिवस बसून, ते दिवसभरात कोणाला काय विचारतात आणि उत्तर मिळाल्यावर काय करतात, एवढेच लिहून काढले. पर्यवेक्षकांचे प्रश्न तीनच निघाले : कोणाचे दूध आले नाही, कोणाचे कमी आले आणि कोणाचे नासले. मॅनेजरना एकूण लिटर, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हवे होते, कारण त्यावरून त्यांना त्या दिवशी पिशवीत किती दूध भरायचे आणि पावडरीकडे किती वळवायचे हे ठरवायचे असते. हिशेबनिसांना चित्र नकोच होते. “मला उभे-आडवे रकाने द्या, बेरीज जुळली की झालं,” असे त्यांनी स्वच्छ सांगितले. संचालक मंडळाला महिन्यातून एकदा गेल्या वर्षीशी तुलना हवी होती. या सगळ्यांचे समाधान एका पानात होणे शक्य नव्हते, आणि जुन्या टीव्हीने नेमका तोच प्रयत्न केला होता. त्यामुळे लुकर स्टुडिओत आम्ही एका डॅशबोर्डऐवजी चार वेगवेगळे अहवाल केले. एकाच शीटवरून कितीही अहवाल काढता येतात आणि त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत, ही या साधनाची आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय ठरली.

यांतला पर्यवेक्षकांचा अहवाल करायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि तोच आज सर्वांत जास्त उघडला जातो. पहिल्या मसुद्यात आम्ही गावांची स्तंभचित्रे केली होती, सर्वांत जास्त दूध देणारे गाव वर आणि सर्वांत कमी देणारे खाली. दिसायला ते नेटके होते. पण मोठे गाव मोठे आहे हे पर्यवेक्षकांना वीस वर्षांपासून माहीत आहे; त्यांना हवा होता तो नेहमीपेक्षा झालेला फरक. मग आजचे दूध कालच्या दुधाशी ताडून पाहिले, तर रोज सकाळी निम्मी गावे लाल दिसू लागली, कारण गावात लग्न असले, जत्रा असली किंवा सण असला की दूध घरातच राहते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. शेवटी सकाळची तुलना सकाळशी आणि संध्याकाळची संध्याकाळशी करून, मागील सात दिवसांच्या त्याच वेळेच्या सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक घट झाली तरच गाव यादीत यावे असे ठरले. तरीही साठ लिटरच्या लहान संस्था रोज यादीत येत राहिल्या, कारण तिथे एका म्हशीने दूध चोरले तरी टक्केवारी हलते. म्हणून किमान ४० लिटरची घट ही दुसरी अट घातली. आता बहुतेक दिवशी यादीत दोन-तीन गावे असतात आणि काही दिवशी एकही नसते. यादी रिकामी असणे हेही उत्तरच आहे, आणि तसे पानावर शब्दांत लिहून यावे यासाठी वेगळे सूत्र लिहावे लागले.

सात दिवसांची सरासरी आम्ही शीटमध्येच काढून घेतो आणि लुकर स्टुडिओकडे तयार रकाना देतो. हीच पद्धत सर्वांना सुचवावीशी वाटते. साधनाच्या आत गणिताची सूत्रे लिहिता येतात, पण ती प्रत्येक अहवालात पसरत गेली की पुढे कोणते सूत्र कुठे आहे हे शोधणे कठीण होते.

यादीचा क्रम हा आणखी एक मुद्दा. आम्ही सर्वाधिक घट असलेले गाव वर ठेवले होते. पर्यवेक्षकांनी दोन दिवसांत सांगितले की क्रम रूटप्रमाणे हवा, कारण ते गावोगावी फोन करीत नाहीत; त्या रूटच्या टँकर चालकाला एकच फोन करतात आणि तोच पुढच्या तीन संस्थांत चौकशी करतो. ही गोष्ट कोणत्याही मार्गदर्शिकेत लिहिलेली नसते. चार तासांचे बदल त्या एका वाक्यामुळे करावे लागले, पण साधनात क्रम बदलणे सोपे असल्यामुळे ते त्याच दिवशी झाले.

फॅटच्या बाबतीत मात्र साधन तुम्हाला सहज फसवू शकते, आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. आकड्यांचा रकाना चित्रात टाकला की लुकर स्टुडिओ त्याची बेरीज किंवा सरासरी घेऊन मोकळे होते. फॅटची साधी सरासरी घेणे म्हणजे ९०० लिटर आणि १०० लिटर यांना सारखेच मोजणे. एका संस्थेचे ९०० लिटर दूध ६.० फॅटचे आणि दुसरीचे १०० लिटर ८.० फॅटचे असेल, तर साधी सरासरी ७.० येते, प्रत्यक्ष टँकरमध्ये एकत्र झालेल्या दुधाचे फॅट ६.२ असते. या दोन आकड्यांमधला फरक पैशांत किती होतो हे दुधाच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. लिटर आणि फॅट यांचा गुणाकार करून त्याची बेरीज एकूण लिटरने भागणारे सूत्र स्वतः लिहावे लागते. सूत्र दोन ओळींचे आहे, पण ते लिहावे लागते हे कळण्यासाठी आधी दूध कळावे लागते. आणि आकर्षक अहवाल करून देणाऱ्या अनेकांना संगणक कळतो, दूध कळत नाही.

असाच घोटाळा लिटर आणि किलो यांचा. गावच्या संस्थेत दूध लिटरने मोजले जाते आणि आमच्या धक्क्यावर वजनकाट्यावर किलोने. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते. संस्थेने १,००० लिटर पाठवल्याची नोंद आहे आणि काट्यावर १,०१५ किलो भरले, तर दोन रकान्यांची सरळ वजाबाकी करणाऱ्या अहवालात १५ ची वाढ दिसते. प्रत्यक्षात साधारण साडेचौदा लिटरची तूट आहे. आमच्या पहिल्या मसुद्यात जवळजवळ सर्व रूट असे ‘फायद्यात’ दिसत होते आणि दोन दिवस आम्ही खूशही होतो. ही चूक साधनाची नाही, आमची होती. तेव्हापासून प्रत्येक आकड्याच्या शेजारी एकक लिहायचे असा नियम केला आहे, मग जागा कितीही कमी असो.

एककांवरून आठवले म्हणून सांगतो. मोठे आकडे आटोपशीर दाखवण्याची सोय या साधनात आहे, पण ती दशलक्षाच्या पाश्चात्त्य हिशेबाने अक्षरे जोडते. आमचे संचालक लाखात आणि कोटीत विचार करतात. “हे एक पूर्णांक दोन एम म्हणजे बारा लाखच ना?” असा प्रश्न सभेत आल्यावर ती सोय बंद केली, सूत्रात एक लाखाने भाग दिला आणि मथळ्यात ‘लाख लिटर’ असे लिहिले. मथळे, रकान्यांची नावे आणि सूचना सर्व देवनागरीत ठेवता येतात आणि त्यात अक्षरे तुटण्याचा त्रास झाला नाही. अडचण आली ती शुद्धलेखनाची. शीटमध्ये कोणी ‘शिरगाव’ लिहिले आणि कोणी ‘शिरगांव’, की साधनाच्या लेखी ती दोन गावे होतात आणि दोघांचेही दूध घटलेले दिसते. नोंदीच्या ठिकाणी गावाचे नाव टाइप करू न देता यादीतून निवडायला लावणे, आणि नावाऐवजी संस्थेचा संकेतांक मुख्य धरणे, हाच त्यावर इलाज आहे. एकाच तालुक्यात हनुमान नावाच्या चार दूध संस्था असतात हेही लक्षात ठेवावे.

अहवालाच्या तळाशी डेटा शेवटचा कधी अद्ययावत झाला हे साधन आपोआप दाखवते. ही वेळ साधनाने शीट कधी वाचली त्याची असते. शीटमध्ये गावाने नोंद कधी केली तिची नव्हे. गुगल शीटच्या बाबतीत ताजेपणाचा नेहमीचा अवधी १५ मिनिटांचा असतो. त्यामुळे तळाशी सकाळचे ६:४० दिसत असले तरी अर्ध्या गावांची नोंद कालचीच असू शकते. आम्ही पानाच्या अगदी वर एक ओळ टाकली : ‘४० पैकी ३७ संस्थांची नोंद आली’. पर्यवेक्षक पान उघडल्यावर आधी ही ओळ पाहतात, आणि तो आकडा ३५ च्या खाली असेल तर पुढचे काही वाचतच नाहीत. आकडे किती विश्वासार्ह आहेत हे आकड्यांच्या आधी कळावे, ही त्यांचीच सूचना होती. नोंद न आलेले गाव आणि शून्य लिटर दूध आलेले गाव यांतही फरक दाखवावा लागतो. रेषेच्या आलेखात मधला दिवस रिकामा असेल तर रेषा शून्यावर उतरवायची, तिथे तोडायची की दोन्ही टोके जोडायची, असे पर्याय साधन देते. आम्ही तोडतो. जोडलेली रेषा न घडलेल्या दिवसाची साक्ष देते.

पाय चार्ट आम्ही सर्व अहवालांतून काढून टाकले. हा आलेख विल्यम प्लेफेअर यांनी १८०१ साली छापला आणि तेव्हापासून तो लोकप्रिय आहे. पण १९८४ मध्ये क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगांनी दाखवून दिले की माणसाचा डोळा कोनापेक्षा एका समान पट्टीवरचे स्थान अधिक अचूक ओळखतो. चाळीस तुकड्यांत तर काहीच ओळखता येत नाही. स्पीडोमीटरविषयी माझा आक्षेप निराळा आहे : एवढी मोठी जागा घेऊन तो एकच आकडा सांगतो, आणि तो आकडा चढता आहे की उतरता हे सांगत नाही. रंगांच्या बाबतीत एवढेच सांगतो की लाल आणि हिरवा यांतला फरक न दिसणारी माणसे, विशेषतः पुरुष, कोणत्याही कार्यालयात असू शकतात, आणि उन्हात धरलेल्या मोबाइलवर तो फरक कोणालाच नीट दिसत नाही. आमच्या यादीत रंगासोबत ‘घट’ हा शब्दही असतो.

संचालक मंडळाच्या अहवालात महिन्यामागून महिना अशी तुलना मुळीच ठेवली नाही. दुधाला पुष्टकाळ आणि कृशकाळ असतो. हिवाळ्यात दूध वाढते आणि उन्हाळ्यात, विशेषतः म्हशीचे, कमी होते. एप्रिलची तुलना जानेवारीशी केली तर दरवर्षी कोणाला तरी जाब विचारला जाईल आणि दरवर्षी तो निर्दोष असेल. तारखांची तुलना मागील वर्षाच्या त्याच काळाशी करण्याची सोय साधनात तयार आहे आणि ती उत्तम चालते. हिशेबनिसांना दहा दिवसांच्या दूध बिलासाठी फक्त तक्ता दिला आहे, तळाला बेरीज. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही आणि तेच त्याचे यश आहे.

आता उणिवा. अहवालाच्या पानाचा आकार साधारणतः आधी ठरवलेला असतो. संगणकासाठी केलेले रुंद पान मोबाइलवर उघडले की सगळे आकसून मुंगीएवढे होते. पर्यवेक्षकांसाठी आम्ही सुरुवातीपासूनच अरुंद आणि उभे पान घेतले, अक्षरे मोठी ठेवली आणि पहिल्या पडद्यावर तीनपेक्षा जास्त गोष्टी येऊ दिल्या नाहीत. ठरावीक वेळी अहवालाची पीडीएफ ईमेलने पाठवण्याची व्यवस्था मोफत आवृत्तीत आहे, परंतु आमच्याकडे ईमेल पाहणारा माणूस एकच आहे आणि तो मी. बाकी सर्व व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो, त्यामुळे रोज सकाळी दुवा गटात टाकण्याचे काम अजून हातानेच होते.

मालकीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अहवाल आणि त्यामागचा डेटा स्रोत ज्याच्या खात्यातून तयार होतो, त्याच्याच परवानगीवर साधारणतः तो सगळ्यांना दिसत असतो. ते खाते बंद झाले किंवा त्याची शीटवरची परवानगी गेली की सर्वांची पाने रिकामी होतात. एखाद्या होतकरू कारकुनाच्या खासगी जीमेलवर संपूर्ण संघाचा अहवाल उभा करणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात विहीर खणणे होय. संघाच्या नावाचे स्वतंत्र खाते काढावे आणि त्याचा पासवर्ड दोघांकडे असावा. तसेच दुवा मिळेल त्या प्रत्येकाला अहवाल खुला करताना, शीटमध्ये उत्पादकांचे बँक खाते क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक असतील तर ते आधी वेगळ्या शीटमध्ये काढावेत. पाहणाऱ्यांना डेटा उतरवून घेता येऊ नये असा पर्याय आहे, पण जे तिथे असायलाच नको ते लपवण्यापेक्षा न ठेवलेले बरे. प्रत्येक सचिवाला फक्त आपल्याच गावाचे आकडे दिसावेत अशी ईमेलनुसार गाळणीही लावता येते. त्यासाठी प्रत्येकाने गुगल खात्याने प्रवेश करावा लागतो, आणि चाळीस सचिवांच्या बाबतीत ही अट कागदावरच सोपी वाटते.

क्षमतेची चिंता आमच्या आकाराच्या संस्थेने करू नये. चाळीस संस्था, दोन वेळा, गाय आणि म्हैस असे धरले तर रोज १६० ओळी आणि वर्षाला ५८,४०० ओळी होतात. बारा रकाने धरले तरी सात लाखांच्या आसपास पेशी (तक्त्यातले चौकोन) होतात, आणि गुगल शीटची मर्यादा एक कोटी पेशींची आहे. मर्यादा भरण्याच्या बऱ्याच आधी शीट जड होते, म्हणून आम्ही वर्षाला नवी शीट काढतो आणि जुन्या वर्षाचा गोषवारा तेवढा पुढे नेतो.

मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या अशाच साधनाचाही विचार केला होता. गणिताच्या बाबतीत ते निःसंशय अधिक समर्थ आहे आणि मोबाइलसाठी वेगळी मांडणी करण्याची सोय त्यात आहे. परंतु त्याचा डेस्कटॉप भाग विंडोजवरच चालतो आणि अहवाल इतरांना रीतसर दाखवायचे म्हटले की परवाने घ्यावे लागतात. ज्यांच्याकडे अनेक ठिकाणचा डेटा एकत्र करण्याचे काम आहे त्यांनी तो खर्च करावा. टॅब्लो पब्लिक हे अशाच प्रकारचे आणखी एक साधन मोफत असले तरी त्यावरचे सर्व काही जगाला दिसते, त्यामुळे दूध दराशी संबंध असलेल्या आकड्यांसाठी ते बादच.

या चारांखेरीज केलेला सचिवांचा अहवाल मात्र अजून जमलेला नाही. प्रत्येक गावासाठी मागील दहा दिवसांचे लिटर, फॅट आणि एसएनएफ दाखवणारे साधे पान केले, दुवे पाठवले, दोनदा समजावूनही सांगितले. उघडणारे सचिव हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. त्यांपैकी एकाने ते पान छापून संकलन केंद्राच्या भिंतीवर चिकटवले आणि तिथे दूध घालायला येणारे लोक ते वाचू लागले. आता आम्हीच दर दहा दिवसांनी चाळीस पाने छापून टँकरबरोबर पाठवतो. त्या कागदाखाली पेनाने लिहून आलेली पहिली मागणी फॅटविषयी नव्हती. संध्याकाळचा टँकर नक्की किती वाजता येणार, तो रकाना टाका, अशी होती. टँकरच्या वेळा आमच्या शीटमध्ये आजवर नोंदवल्याच जात नव्हत्या. पुढच्या महिन्यापासून चालकांकडून त्या घ्यायला सुरुवात करणार आहोत.